मनोती ते विलंब शुल्क : कर्जाचा हिशेब उघडण्याच्या अधिकाराचा इतिहास (१८७५ ते २०२४)

प्रस्तावना

आर्थिक इतिहासात कर्जाचा विचार बहुधा व्याजदराच्या अंगाने केला जातो. दर शेकडा किती होता, तो केव्हा वाढला, केव्हा घटला, याची नोंद अभ्यासक आवर्जून घेतात. परंतु ऋणकोला कर्जाची जी किंमत प्रत्यक्ष मोजावी लागते ती केवळ दरावरून कळत नाही. व्याज कोणत्या दिवसापासून धरले, थकलेले व्याज मुद्दलात केव्हा मिळविले आणि व्याजाखेरीज अन्य कोणत्या नावांनी रक्कम घेतली, या गोष्टी पाहिल्याखेरीज दराचा आकडा फारसे काही सांगत नाही. त्या पाहण्याचा, म्हणजे रोख्यामागचा हिशेब उघडण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न दख्खनच्या रयतेने १८७५ साली आपल्या पद्धतीने विचारला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डावरील व्याजाच्या खटल्यात याच प्रश्नाचे एक उत्तर दिले. या दोन घटनांमधील दीडशे वर्षांत हा अधिकार न्यायालयांना कसा मिळाला आणि बँकांच्या बाबतीत तो कसा काढून घेतला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कार्डधारक आणि दुष्काळी तालुक्यातील कुणबी यांची स्थिती सारखीच आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. कार्डधारकाची जमीन गहाण नसते. त्याने पूर्ण रक्कम वेळेवर भरली तर पन्नास दिवसांपर्यंतची उधारी त्याला बिनव्याजी मिळते आणि त्या उधारीचा खर्च बऱ्याच अंशी थकबाकी ठेवणारे त्याचे समव्यवसायी भागवीत असतात. साम्य आहे ते हिशेबाच्या रीतीत.

किमान देय रकमेचे गणित

इतिहासाकडे वळण्यापूर्वी आजच्या हिशेबाची रीत पाहणे सोयीचे होईल. समजा, एका प्राध्यापकाने ५ जून रोजी कार्डावर १०,००० रुपयांची खरेदी केली. पत्रक २० जूनला निघाले. त्यात एकूण देय रक्कम १०,००० रुपये, किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ५०० रुपये आणि भरण्याची अंतिम तारीख १० जुलै आहे. व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचा ४२ टक्के आहे. हे गृहस्थ १० जुलैला ५०० रुपये भरतात आणि आपण नियमाने वागलो या समाधानात राहतात.

२० जुलैच्या पत्रकात काय येते? पूर्ण रक्कम न भरल्यामुळे व्याजमुक्त कालावधीची सवलत गेलेली असते. त्यामुळे व्याज १० जुलैपासून न धरता खरेदीच्या दिवसापासून धरले जाते. १०,००० रुपयांवर ३५ दिवसांचे व्याज सुमारे ४०३ रुपये आणि उरलेल्या ९,५०० रुपयांवर १० दिवसांचे सुमारे १०९ रुपये, असे एकंदर ५१२ रुपये होतात. कार्डावरील व्याजास वस्तू व सेवा कराची सूट नाही, म्हणून त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ९२ रुपये कर लागतो. ५०० रुपये भरूनही येणे १०,१०४ रुपये झालेले असते. थकबाकी अशीच राहिली आणि व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर ४२ टक्के हा दर प्रत्यक्षात ५१ टक्क्यांच्या वर जातो. नवी खरेदी केल्यास तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते.

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी किमान देय रक्कम म्हणजे हप्ता असे समजून सात महिने ती इमानेइतबारे भरली होती. त्यात बँकेने काही लपविले होते असे म्हणता येत नाही. सारे काही पत्रकाच्या मागील पानावर छापलेले होते. इतिहासाच्या अध्यापकाला मूळ साधन पूर्ण वाचण्याचे महत्त्व कोणी सांगावयास नको होते, एवढेच.

रोखा आणि तीन वर्षांची मुदत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे बाजाराच्या गावी रयतेने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. त्यापूर्वी शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारावर बहिष्कार टाकण्यात आला होताच. दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य सर्वच अभ्यासकांनी नोंदविले आहे. माणसांना इजा करण्यापेक्षा कागद हस्तगत करण्याकडे जमावाचे लक्ष होते. कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे आणि वह्या मागून घेऊन त्या जाळण्यात आल्या.

यामागील शेतसाऱ्याची फेरआकारणी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाबरोबर फुगलेली उधारी आणि युद्ध संपताच आखडलेले सावकारांचे हात ही कारणे सुपरिचित आहेत. येथे त्यांची चर्चा करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, रयतेला कागदच का जाळावेसे वाटले?

हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा त्याचा अर्थ. मनुस्मृतीत हा नियम आढळतो आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत असत. १८५५ च्या २८ व्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील व्याजमर्यादेचे कायदे रद्द झाले व दर करारावर सोपविला गेला, तरी दामदुपट टिकून राहिली. परंतु तिला एक पळवाट होती. उभयपक्षी नवा करार करून थकलेले व्याज मुद्दलात मिळविले, तर ते मुद्दलच समजले जाई.

ही पळवाट रुंद झाली ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, या ऋणकोच्या हिताच्या हेतूने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षे करण्यात आली. सावकाराने त्याचा उलटा उपयोग केला. मुदत संपण्याच्या सुमारास तो कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई आणि त्यात जुने मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे मुद्दल लिहिले जाई. १०० रुपयांचे कर्ज दरमहा दोन रुपये शेकडा दराने घेतले आणि त्यात काहीच फेडले नाही, असे समजू. दामदुपटीच्या नियमाने नऊ वर्षांनंतरही २०० रुपयांपलीकडे वसुली होऊ शकत नाही. दर तीन वर्षांनी रोखा बदलल्यास तीच रक्कम प्रथम १७२, मग सुमारे २९६ आणि नवव्या वर्षअखेरीस सुमारे ५०९ रुपये होते. दर तोच आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेले आढळले.

शिवाय रोख्यावर लिहिलेले मुद्दल कुणब्याच्या हाती पूर्ण पडलेले नसे. कर्ज देतानाच सावकार ‘मनोती’ कापून घेत असे. नाण्यांच्या प्रकारानुसार ‘बट्टा’ लागे, रोखा लिहिण्याचा खर्च वेगळा असे. धान्याच्या रूपाने दिलेले कर्ज सवाईने किंवा दिढीने परत घेतले जाई. यांपैकी कशालाच रोख्यात व्याज म्हटलेले नसे. दिवाणी न्यायालयापुढे रोखा येई तेव्हा सही वा निशाणी खरी आहे की नाही, एवढे पाहून बहुधा हुकूमनामा होत असे. कागदामागे काय घडले हे न्यायालय विचारीत नव्हते. ज्या कागदापुढे सत्य बोलून उपयोग नाही, तो कागद नष्ट करण्याखेरीज रयतेच्या हाती दुसरे काय होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१८७९ चा कायदा : रोख्यामागे जाणारे न्यायालय

दख्खन कृषिकर्जनिवारण कायदा १८७९ साली संमत झाला व प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. अटकेतून मुक्तता, तडजोडीसाठी सलोखेदार, ग्रामनिबंधकासमोर दस्तऐवज करण्याची सक्ती या त्यातील तरतुदींची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने हिशेबाविषयीची कलमे उपेक्षित राहिली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते कायद्याचे खरे नावीन्य तेथेच आहे.

या कलमांनुसार न्यायालयाने व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासावयाचा होता, मग मधल्या काळात कितीही रोखे बदललेले असोत. मुद्दल व व्याज यांचे हिशेब स्वतंत्र मांडावयाचे होते. मुद्दलात ऋणकोला प्रत्यक्ष मिळालेली रक्कमच धरावयाची होती. रोखा बदलताना मुद्दलात मिळविलेले व्याज, न्यायालयाला ते वाजवी वाटल्याखेरीज, मुद्दल समजावयाचे नव्हते. ठरलेला दर अवाजवी वाटल्यास न्यायालय वाजवी दर लावू शकत होते. पैसे भरल्याची पावती, हिशेबाचे वार्षिक पत्रक आणि मागितल्यास पासबुक देणे सावकारावर बंधनकारक झाले. आज बँकेच्या पासबुकाकडे सोय म्हणून पाहिले जाते. आपल्याकडे त्याला कायद्याचे बळ देण्यामागे जाळलेल्या वह्यांचा इतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याला टीकाकारही होते आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. न्यायालय रोख्यामागे जाऊ लागल्यावर अनेक सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास प्रारंभ केला. पुढे दुरुस्ती करून, खरेदीखत म्हणून लिहिलेला व्यवहार वस्तुतः गहाण होता काय, हे तपासण्याची मुभा न्यायालयास द्यावी लागली.

व्याज कशास म्हणावे?

१८७९ चा कायदा शेतकऱ्यांपुरता व काही जिल्ह्यांपुरता होता. रोख्यामागे जाण्याचे तत्त्व अवाजवी व्याजाच्या कर्जांविषयीच्या १९१८ च्या कायद्याने व्यापक केले. व्याज अतिरिक्त आहे आणि व्यवहार मूलतः अन्यायकारक आहे असे दिसल्यास न्यायालयास तो पुन्हा उघडता येऊ लागला. या कायद्यातील एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. व्याज अतिरिक्त आहे की नाही हे ठरविताना खर्च, चौकशी, दंड, अधिमूल्य, नूतनीकरण किंवा अन्य कोणत्याही नावाने घेतलेल्या रकमा आणि चक्रवाढ असल्यास तिचा कालावधी न्यायालयाने विचारात घ्यावा, असे तीत स्पष्ट म्हटले होते. मनोती असो की बट्टा, नावाचा पडदा दूर सारून ऋणकोने दिलेली सर्व रक्कम एकत्र मोजावयाची, असा हा विचार होय. मुंबई सावकारी कायदा, १९४६ याने हीच दिशा पुढे नेली. मुद्दलाहून अधिक घेतलेली रक्कम, तिला कोणतेही नाव दिलेले असो, ती व्याज समजावी, असे त्याच्या व्याख्येत होते. त्याने दामदुपटीलाही वैधानिक रूप दिले. मात्र बँकांची कर्जे या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. या कायद्याची जागा पुढे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली.

शुल्काला व्याज मानण्याचा हाच प्रश्न अमेरिकेत नेमका उलट्या हेतूने सोडविला गेला, हे येथे सांगण्याजोगे आहे. राष्ट्रीय बँकेने आपल्या मूळ राज्यातील व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावावा, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. त्यानंतर साउथ डाकोटाने दराची मर्यादा उठविली व सिटीबँकेने आपला कार्ड व्यवसाय तेथे हलविला. १९९६ च्या स्मायली खटल्यात विलंब शुल्क हेही व्याजच ठरले. त्यामुळे ते शुल्क अन्य राज्यांच्या निर्बंधांतून सुटले. १९१८ च्या आपल्या कायद्यात ऋणकोच्या रक्षणासाठी आलेला विचार तेथे धनकोच्या कामी आला.

१९८४ : कलम २१ क

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड आणले. त्यानंतर चारच वर्षांनी बँकिंग विनियमन अधिनियमात कलम २१ क दाखल झाले. १९१८ च्या कायद्यात किंवा राज्यांच्या कर्जविषयक कायद्यांत काहीही असले तरी, व्याजाचा दर अतिरिक्त आहे या कारणावरून बँक व तिचा ऋणको यांच्यातील व्यवहार कोणत्याही न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे हे कलम सांगते. १८७९ पासून विकसित झालेला अधिकार बँकांच्या बाबतीत एका वाक्याने संपला.

त्या काळाचा विचार केला तर ही तरतूद अनाकलनीय वाटत नाही. प्रमुख बँका राष्ट्रीयीकृत होत्या आणि कर्जावरील दर रिझर्व्ह बँक ठरवून देत असे. मध्यवर्ती बँकेने ठरविलेला दर तालुक्याच्या न्यायाधीशाने पुन्हा तपासावा, हे विसंगतच झाले असते. परंतु ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाख रुपयांवरील कर्जांचे दर मुक्त झाले आणि पुढे कार्डावरील येण्यांसारख्या प्रकारांत रकमेचा विचार न करताही बँकांना दर ठरविण्याची मोकळीक मिळाली. न्यायालयीन तपासणी ज्या कारणास्तव अनावश्यक ठरली होती, ते कारण कार्डाच्या बाबतीत उरले नाही. कलम मात्र कायम राहिले. या बदलाची संसदेत वा अभ्यासकांत जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चक्रवाढीचा प्रश्न २००१ मध्ये सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या खटल्यात घटनापीठापुढे आला. थकीत व्याज मुद्दलात मिळविण्याची बँकांची रूढी न्यायालयाने मान्य केली, परंतु दंडव्याज मुद्दलात मिळविता येणार नाही, असे स्पष्ट केले. १८७९ च्या कायद्याने स्वतंत्र ठेवलेले दोन हिशेब आता बँकेपुरते कायद्यानेच एकत्र येऊ शकत होते.

मनोतीचे नवे अवतारही याच काळात दिसू लागले. कार्डावर रोख रक्कम काढल्यास प्रारंभीच शुल्क लागते व व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. ‘शून्य टक्के’ हप्त्याच्या योजनांत प्रक्रिया शुल्क घेतले जाऊ लागले. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच परिपत्रक काढून सांगितले की, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याजाचा भाग बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपविला जातो. रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकाची भाषा १८७६ च्या आयोगाला अपरिचित वाटली नसती.

तीस टक्क्यांचा वाद

कलम २१ क न्यायालयांना लागू होते. ग्राहक मंच हे वेगळे दार होते. ‘आवाज’ या संस्थेने व इतरांनी दाखल केलेल्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निर्णय दिला. काही बँका थकबाकीदार कार्डधारकांकडून वर्षाला ३६ ते ४९ टक्के व्याज घेत असल्याचे आयोगापुढे आले होते. अंतिम तारखेस पूर्ण किंवा किमान रक्कम न भरणाऱ्याकडून वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे आयोगाने ठरविले. दंडव्याज एका कसुरीसाठी एकदाच घ्यावे व ते मुद्दलात मिळवू नये, मासिक चक्रवाढ हीदेखील अनुचित प्रथा होय, असेही त्याने म्हटले. १८७९ च्या विशेष न्यायाधीशांनी रोख्यांबाबत विचारलेले प्रश्नच येथे पुन्हा विचारले गेले होते.

बँका अपिलात गेल्या, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण सोळा वर्षे पडून राहिले. या अवधीत कार्डांची संख्या वाढत २०२४ च्या प्रारंभी दहा कोटींच्या घरात गेली. नियामकाच्या बाजूने हालचाल झालीच नाही, असे मात्र नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार न भरलेली शुल्के व कर व्याजआकारणीसाठी मुद्दलात मिळविण्यास मनाई झाली. किमान देय रक्कम अशी ठरवावी की ती भरल्यावर येणे उलट वाढू नये, असेही सांगण्यात आले. म्हणजे आपल्या उदाहरणातील प्राध्यापकांच्या २० जुलैच्या पत्रकातील किमान रक्कम तरी व्याज व कर भागविणारी असली पाहिजे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा पत्रकात छापणे बंधनकारक झाले. हिशेबाच्या रीतीवर अशी बंधने आली. दरावर मर्यादा मात्र आली नाही.

२० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा २००८ चा निर्णय रद्द केला. कार्डधारकांना अटी आधी कळविलेल्या असताना पक्षकारांनी स्वीकारलेल्या कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगास नाही, तीस टक्क्यांची मर्यादा घालणे हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकारक्षेत्रातील हस्तक्षेप आहे आणि तो बँकिंग विनियमन अधिनियमाच्या हेतूशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. विधिदृष्ट्या या निर्णयास आधार आहे आणि कलम २१ क अस्तित्वात असताना वेगळा निर्णय होणे कठीणच होते. मात्र करारावरील सही पुरेशी मानणारी ही भूमिका १८७५ पूर्वीच्या दिवाणी न्यायालयांच्या भूमिकेच्या जवळ जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकास नोंदवावे लागते.

आता स्थिती अशी आहे. ग्राहक आयोगापुढे दराचा प्रश्न नेल्यास तो विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, असे उत्तर २०२४ च्या निकालात आहे. बँकेने व्याज अवाजवी असू नये अशी अंतर्गत तत्त्वे ठरवावीत, असे रिझर्व्ह बँकेने मे २००७ च्या परिपत्रकाने कळविले होते आणि ती ठरविण्याचे काम संबंधित बँकेच्या संचालक मंडळाकडे सोपविले होते. दरपत्रकही त्याच मंडळाच्या संमतीने निघते. १९१८ च्या कायद्यातील दंड, अधिमूल्य आणि नूतनीकरण एकत्र मोजण्याची तरतूद खाजगी सावकाराकडून घेतलेल्या पाच हजारांच्या कर्जाच्या खटल्यात न्यायाधीशांना आधार देऊ शकते. कार्डावरील पाच लाखांच्या थकबाकीच्या खटल्यात दर अतिरिक्त आहे या कारणावरून त्यांना ती वापरता येत नाही.